पावले मोजायची कशाने? परवडणारा आणि अचूक पेडोमीटर किंवा फिटनेस बँड कसा निवडाल

"रोज चालत जा" हा सल्ला आता जवळपास प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला डॉक्टरांनी दिलेला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेला देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के होते.

चालायचे ठरले की पुढचा प्रश्न येतो, किती चाललो हे कळणार कसे? बाजारात त्यासाठी शेकडो यंत्रे आहेत. मोबाईल उघडला की हजार-दीड हजाराच्या घड्याळांच्या जाहिराती समोर येतात. पावले, हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन आणि साखर, सगळे एकाच घड्याळात मोजून देण्याचा दावा त्यात असतो.

मी ज्या वस्तीत काम करते तेथील एका काकूंनी असेच एक घड्याळ ऑनलाइन मागवले. त्यासाठी बचत गटातून पैसे उचलले. घड्याळावर साखरेचा आकडा रोज "नॉर्मल" दिसायचा, म्हणून त्यांनी रक्ततपासणी बंद केली आणि गोळ्यांतही खाडे पडू लागले. तीन महिन्यांनी पायाची जखम भरत नाही म्हणून दवाखान्यात नेले, तेव्हा साखर प्रचंड वाढलेली निघाली. पाय वाचला, पण थोडक्यात. त्यानंतर गटातल्या अनेक जणींनी मला विचारले, "ताई, मग घ्यायचे तरी काय?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

किती पावले चालायची? दहा हजारांचा आकडा आला कुठून?

यंत्र निवडण्याआधी ते कशासाठी हवे हे ठरवले पाहिजे. "दिवसाला दहा हजार पावले" हे वाक्य सर्वांनी ऐकलेले असते. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली. १९६५ मध्ये तेथील यामासा या कंपनीने 'मानपो-केई' नावाचा पेडोमीटर बाजारात आणला. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा आहे. विक्रीसाठी निवडलेले हे नाव पुढे जगभर आरोग्याचा नियम होऊन बसले.

संशोधन त्याच्या बरेच नंतर झाले. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतील वयस्क स्त्रियांवरील अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांनंतर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. २०२२ मध्ये १५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. साठीच्या पुढील लोकांसाठी ६,००० ते ८,००० आणि त्याहून तरुणांसाठी ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, पुढे तो स्थिरावतो, असे त्यातून दिसले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही २,००० पावलांच्या तुलनेत ७,००० पावलांचा मोठा फायदा दिसून आला.

हे निरीक्षणावर आधारित अभ्यास आहेत. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हेही त्यात मिसळलेले असते. तरीही सामान्य माणसासाठी निष्कर्ष सोपा आहे. आज तुम्ही ३,००० पावले चालत असाल तर ५,००० वर जाणे हे मोठे यश आहे. दहा हजार झाले नाहीत म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

वेगाचाही विचार करावा. साधारणपणे मिनिटाला १०० पावले म्हणजे मध्यम वेगाचे चालणे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस करते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. अर्ध्या तासाची ३,००० पावले होतात. ज्यांना कोणतेही यंत्र घेणे शक्य नाही त्यांनी फक्त घड्याळ लावून अर्धा तास चालावे. एवढा हिशेब पुरेसा आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

यंत्र पावले मोजते कसे?

बाजारातील यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार स्प्रिंगचा. कमरेला लावायच्या जुन्या पद्धतीच्या पेडोमीटरमध्ये स्प्रिंगला अडकवलेली एक छोटी दांडी असते. पाऊल टाकताना कंबर वरखाली होते, दांडी हलते आणि एक आकडा वाढतो. हे यंत्र अगदी उभे, सरळ राहिले तरच नीट चालते. पोट सुटलेले असेल, यंत्र पुढे कलले असेल किंवा चाल मंद असेल तर दांडी पुरेशी हलत नाही आणि पावले गळतात.

दुसरा प्रकार ॲक्सेलरोमीटरचा. आजचे मोबाईल, बँड, घड्याळे आणि चांगले क्लिप पेडोमीटर यांत हालचालीचा वेग कसा बदलतो हे तिन्ही दिशांनी टिपणारी सूक्ष्म चिप असते. चालण्यात ठराविक लय असते. आतला प्रोग्रॅम ती लय ओळखून पावले मोजतो. म्हणून असे यंत्र आडवे असो वा तिरपे, खिशात असो वा गळ्यात, बऱ्यापैकी मोजते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक यंत्रे पहिली काही पावले लगेच दाखवत नाहीत. माणूस खरोखर चालतो आहे की नुसता जागेवर हलला, याची ती खात्री करून घेतात. त्यामुळे घरात दोन-तीन पावलांचे फिरणे, म्हणजे ओट्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत, बहुतेक यंत्रांच्या हिशेबात नीट येत नाही. चंक्रमणासारखे अतिशय संथ चालणेही ती फारसे मोजत नाहीत. ते मोजण्यासाठी केलेले चालणेही नव्हे.

चार पर्याय

किमती सतत बदलतात. खालील आकडे अंदाज येण्यापुरते आहेत.

१) हातातला मोबाईल. ॲन्ड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून आणि ॲपलच्या त्याच वर्षीच्या आयफोन ५एसपासून कमी बॅटरीत पावले मोजण्याची सोय आली. त्यामुळे आज वापरात असलेले बहुतेक स्मार्टफोन पावले मोजू शकतात. ॲपल हेल्थ, सॅमसंग हेल्थ अशी ॲप पैसे न देता वापरता येतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका लहान अभ्यासात ट्रेडमिलवर चालणाऱ्यांच्या खिशातील मोबाईलची चूक साधारण सहा-सात टक्क्यांच्या आत राहिली, तर हाताच्या काही यंत्रांची चूक त्याहून जास्त होती. म्हणजे खिशातला मोबाईल कमी दर्जाचा नाही.

अडचण वेगळीच आहे. मोबाईल अंगावर असला तरच मोजतो. पुरुषांच्या पँटला खिसा असतो, साडीला नसतो. घरात मोबाईल फळीवर किंवा मुलांच्या हातात असतो. त्यामुळे मोबाईलमधील आकड्यात बायकांची पावले कमी दिसतात. त्या कमी चालतात असा त्याचा अर्थ नव्हे. फिरायला जातानाच मोजायचे असेल तर मोबाईल पुरेसा आहे. दिवसभराचा हिशेब हवा असेल तर तो पुरत नाही.

२) कमरेला किंवा खिशात ठेवायचा क्लिप पेडोमीटर. साधारण ३०० ते १,५०० रुपये. ॲप नको, इंटरनेट नको, रोज चार्ज करणे नको. बटणासारखा सेल अनेक महिने चालतो. मोठे आकडे दिसणारे मॉडेल ज्येष्ठांना सोयीचे पडते. घेताना 'तीन दिशांचा सेन्सर' किंवा 'थ्रीडी सेन्सर' असे लिहिलेले पाहावे. सर्वांत स्वस्त यंत्रे बहुधा स्प्रिंगची असतात. त्यांना हातात धरून हळूच हलवले तर आत टकटक आवाज येतो, त्यावरून ती ओळखता येतात. मात्र स्प्रिंगचे सगळेच वाईट असते असे नाही. जपानच्या यामॅक्स कंपनीचा स्प्रिंगवर चालणारा डिजी-वॉकर अनेक वर्षे संशोधनात प्रमाण म्हणून वापरला गेला. पण त्या दर्जाचे यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळत नाही.

३) मनगटाचा फिटनेस बँड. साधारण १,५०० ते ३,५०० रुपये. दिवसभर अंगावर राहतो, हा याचा मोठा फायदा. बॅटरी बहुतेक बँडमध्ये आठवडाभर किंवा जास्त चालते. सुरुवातीला मोबाईलशी जोडावा लागतो.

४) स्वस्त स्मार्टवॉच. साधारण १,००० ते २,५०० रुपये. मोठा स्क्रीन, त्यावरून कॉल, गाणी वगैरे. या किमतीत बराचसा पैसा स्क्रीन आणि स्पीकरवर गेलेला असतो. पावले मोजण्यासाठीच घ्यायचे असेल तर त्याच पैशात साधा बँड किंवा चांगला क्लिप पेडोमीटर अधिक उपयोगी पडतो.

यंत्र कुठे चुकते?

पेडोमीटरसाठी जपानच्या औद्योगिक मानकात १०० पावलांमागे तीन पावलांची चूक मान्य आहे. चांगल्या यंत्राकडून सरळ, नेहमीच्या चालीत एवढी अपेक्षा ठेवता येते. रोजच्या जगण्यात पाच ते दहा टक्के चूक धरून चालावे. खरी अडचण पुढील प्रसंगांत येते.

हात स्थिर असताना मनगटावरचे यंत्र कमी मोजते. डोक्यावर किंवा कमरेवर हंडा धरलेला असतो, हातगाडी ढकलायची असते, कडेवर मूल असते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतात. पाय चालत असतात, पण मनगट हलत नाही.

हात हलत असताना ते जास्त मोजते. भाकरी थापणे, कपडे घासणे, झाडू मारणे, टाळ्या वाजवणे, ढोलकी वाजवणे या लयबद्ध हालचाली काही यंत्रांना पावलांसारख्या वाटतात.

खडबडीत रस्त्यावर दुचाकी, रिक्षा किंवा एसटीतून प्रवास करताना बसलेल्या जागी पावले वाढू शकतात.

मंद चालीत जवळपास सर्वच यंत्रे कमी मोजतात. ताशी तीन किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी वेगात स्प्रिंगच्या यंत्राची चूक खूप वाढते. गुडघेदुखी असलेले, काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे ज्येष्ठ, पक्षाघातातून सावरणारे रुग्ण यांना हे लागू पडते. अशा व्यक्तींनी बँड मनगटाऐवजी घोट्यावर बांधून पाहावा. पायाची हालचाल थेट टिपली जात असल्याने मोजणी बहुधा सुधारते. मात्र मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर घोट्यावर पट्टा आवळून बांधू नये.

घरच्या घरी चाचणी

घेतलेले यंत्र खरे मोजते की नाही हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. परत करण्याची मुदत संपण्याआधी, म्हणजे खरेदीनंतर दोन-तीन दिवसांत, ही चाचणी करा.

पहिली चाचणी, नेहमीची चाल. यंत्रावरचा आकडा लिहून ठेवा. सरळ रस्त्यावर स्वतः मोजत २०० पावले चाला. मोजणी चुकू नये म्हणून मुठीत दहा चिंचोके घ्या आणि दर २० पावलांनी एक खिशात टाका. थांबल्यावर एक मिनिट वाट पाहून पुन्हा आकडा पाहा. यंत्राने १९० ते २१० च्या दरम्यान दाखवले तर ते चांगले. १८० पेक्षा कमी किंवा २२० पेक्षा जास्त असेल तर पट्टा घट्ट करून किंवा जागा बदलून पुन्हा करा. तीन वेळा तेच झाले तर यंत्र परत करा.

दुसरी चाचणी, संथ चाल. हीच २०० पावले सावकाश चाला. घरातील ज्येष्ठांसाठी यंत्र घेत असाल तर ही चाचणी त्यांच्याच चालीने करा, स्वतःच्या नव्हे.

तिसरी चाचणी, हात गुंतलेले. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन १०० पावले चाला.

चौथी चाचणी, खोटी पावले. दुचाकीवर किंवा रिक्षात दहा मिनिटांचा प्रवास करा आणि आकडा किती वाढतो ते पाहा. घरी दहा भाकऱ्या थापतानाही पाहा.

या चारही चाचण्यांत पैकीच्या पैकी गुण मिळवणारे यंत्र मिळणार नाही. तुमच्या दिवसात ज्या प्रकारचे चालणे जास्त आहे त्यात ते बरे ठरले पाहिजे. आणखी एक गोष्ट म्हणजे सातत्य. रोज सारखेच पाच टक्के कमी दाखवणारे यंत्र चालते, कारण कालपेक्षा आज जास्त चाललो की नाही हे त्यावरून कळते. आज दहा टक्के जास्त आणि उद्या वीस टक्के कमी दाखवणारे यंत्र कामाचे नाही.

अंतर कसे काढायचे?

यंत्र अंतर दाखवते ते पावलांच्या संख्येला एका पावलाच्या लांबीने गुणून. ती लांबी यंत्र तुमच्या उंचीवरून अंदाजाने धरते. म्हणून उंची बरोबर भरा. त्याहून चांगले म्हणजे स्वतः मोजा. जमिनीवर खूण करून नेहमीच्या चालीने २० पावले चाला, एकूण अंतर टेपने मोजा आणि २० ने भागा. समजा १२ मीटर आले, तर एक पाऊल ६० सेंटीमीटरचे. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे १,६७० पावले आणि ७,००० पावले म्हणजे ४.२ किलोमीटर. मिनिटाला १०० पावलांच्या गतीने त्याला ७० मिनिटे लागतील. ती सलग चालली पाहिजेत असे नाही, दिवसभरात विभागून चालतात.

कोणत्या आकड्यांवर विसंबू नये?

कॅलरी : २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरील सात यंत्रे ६० व्यक्तींवर तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहा यंत्रांनी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. पण खर्च झालेल्या कॅलरींमध्ये सर्वांत चांगल्या यंत्राची चूकही सरासरी २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ही सर्व नामांकित यंत्रे होती. "आज ४०० कॅलरी जाळल्या" असे घड्याळाने सांगितले म्हणून दोन वडापाव जास्त खाऊ नयेत.

ऑक्सिजन : घड्याळावरील ऑक्सिजनचा आकडा वैद्यकीय निर्णयासाठी नसतो. बोटाला लावायची दवाखान्यातील यंत्रेसुद्धा सावळ्या त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतात, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. धाप लागत असेल तर घड्याळात काहीही दिसो, दवाखाना गाठा.

रक्तदाब : काही महागड्या घड्याळांत ही सोय असते, पण तीही दंडाला पट्टा गुंडाळणाऱ्या यंत्राशी ठराविक काळाने जुळवून घ्यावी लागते. स्वस्त घड्याळातील रक्तदाबाचा आकडा धरून गोळी कमी-जास्त करणे जिवावर बेतू शकते. रक्तदाब घरी मोजायचा असेल तर दंडाला लावायचे डिजिटल यंत्र घ्या.

साखर : हे सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की त्वचेला न टोचता स्वतःहून रक्तातील साखर मोजणारे एकही स्मार्टवॉच किंवा स्मार्ट अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. अशा यंत्रावर विसंबून इन्शुलिन किंवा गोळ्यांचे प्रमाण बदलल्यास साखर धोकादायकरीत्या घसरू शकते, बेशुद्धी आणि मृत्यूही ओढवू शकतो. दंडावर सेन्सर चिकटवून त्याची बारीक तार त्वचेखाली राहते, ते यंत्र वेगळे. त्याचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण मोजतो तो सेन्सर. नुसते मनगटावर बांधून साखर सांगणारे घड्याळ कुणी विकत असेल तर ते घेऊ नका आणि घेतले असेल तर त्या आकड्याकडे पाहू नका.

खात्री करायची असेल तर ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर किंवा पाण्याच्या बाटलीवर बांधून पाहा. बाटलीचाही रक्तदाब आणि साखर "नॉर्मल" आली, तर घड्याळ आकडे बनवून दाखवते हे उघड आहे.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

भारतात स्मार्टवॉचसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा यंत्रावर 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तो टाकून खरा आहे की नाही हे पाहता येते.

पक्के बिल घ्या. वॉरंटी किती, दुरुस्ती केंद्र जवळ कुठे आहे आणि परत करण्याची मुदत किती, हे आधी विचारा.

चार्जर आणि पट्टा नंतर सुटा मिळतो का ते पाहा. अनेक बँड फक्त चार्जर हरवल्यामुळे कपाटात पडून राहतात.

घाम आणि पावसासाठी आयपी ६८ किंवा ५ एटीएम लिहिलेले पाहा. तरीही गरम पाण्याने अंघोळ करताना काढून ठेवलेले बरे.

क्लिप पेडोमीटरचा बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. सेलच्या झाकणाला स्क्रू असलेले मॉडेल घ्या.

दावा खोटा निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

पावले आपली, माहिती कुणाची?

बँडचे ॲप चालू करताना ते नाव, वय, वजन, ठिकाण, संपर्क यादी असे बरेच काही मागते. पावले मोजण्यासाठी 'शारीरिक हालचाल' ही परवानगी पुरेशी आहे. संपर्क आणि संदेशांची परवानगी कॉल-मेसेज घड्याळावर हवे असतील तरच द्या. रोजचा फिरण्याचा रस्ता आणि वेळ सर्वांना दिसेल असे ठेवू नका, विशेषतः मुलींनी आणि एकट्या फिरणाऱ्या स्त्रियांनी. ज्यांना ही कटकट नको त्यांच्यासाठी ॲप नसलेला क्लिप पेडोमीटर उत्तम.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांना हजेरीसाठी जीपीएस घड्याळे बांधण्यात आली. कामगार कुठे आहे, किती फिरला, कुठे थांबला हे त्यातून दिसते. काही ठिकाणी कामगारांनी त्याला विरोधही केला. स्वतःच्या आरोग्यासाठी स्वतः मोजणे आणि वरिष्ठाने मनगटावर पट्टा बांधून मोजणे, या दोन गोष्टी एकच नाहीत. कामाच्या ठिकाणी 'फिटनेस'च्या नावाने बँड दिला जात असेल तर माहिती कुणाकडे जाणार, कशासाठी वापरणार आणि किती दिवस ठेवणार हे लेखी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागचा विचारही हाच आहे की माहिती कशासाठी घेतली जाते हे माणसाला कळले पाहिजे.

कुणी काय घ्यावे?

खिशात मोबाईल ठेवून सकाळी फिरणाऱ्यांनी काहीही विकत घेऊ नये. मोबाईल पुरेसा आहे.

स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी मोठ्या आकड्यांचा तीन दिशांचा क्लिप पेडोमीटर घ्यावा. साडी नेसणाऱ्यांनी तो कमरेला परकराच्या नाडीजवळ अडकवावा किंवा दोरीने गळ्यात घालावा. धुण्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

दिवसभर बसून काम करणाऱ्यांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यालयात काम करणाऱ्या महिलांना साधा बँड सोयीचा. तासभर बसलात की उठण्याची आठवण करून देणारी सोय त्यात उपयोगी पडते.

अतिशय मंद चालणाऱ्यांनी पावलांऐवजी मिनिटे मोजावीत.

धुणीभांडी, सफाई, हमाली, बांधकाम, शेतमजुरी करणाऱ्यांना यंत्राची बहुधा गरज नाही. त्यांची पावले आधीच भरपूर असतात. शिवाय कामातील दमवणारे चालणे आणि स्वतःच्या गतीने मोकळे चालणे यांचा हृदयाला सारखा फायदा होत नाही, असे डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि सहकाऱ्यांनी मांडले आहे. त्यावर संशोधकांत चर्चा चालू आहे. दिवसभर राबून आलेल्या ताईला "अजून दोन हजार पावले बाकी आहेत" असे सांगणारे यंत्र देण्यापेक्षा तिला अर्धा तास विश्रांती आणि पोटभर सकस जेवण मिळेल असे पाहणे जास्त शहाणपणाचे आहे.

घेतल्यावर वापरायचे कसे?

पहिला आठवडा काहीही न बदलता नेहमीसारखे वागा आणि रोजची पावले वहीत लिहा. सात दिवसांची सरासरी काढा. ती तुमची सुरुवात. पुढच्या आठवड्यात त्यात रोज ५०० पावले वाढवा, जमले तर आणखी ५००. छातीत दुखणे, धाप, चक्कर असा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर चालून आल्यावर तळपाय तपासा आणि अनवाणी फिरू नका.

२००७ मध्ये पेडोमीटरवरील २६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. पेडोमीटर वापरणाऱ्यांचे चालणे सुमारे २७ टक्क्यांनी वाढले आणि रक्तदाबही थोडा उतरला, असे त्यात दिसले. ज्यांनी पावलांचे लक्ष्य ठरवले होते, त्यांना फायदा झाला. नुसते यंत्र बांधून काही होत नाही. लक्ष्य आणि नोंद लागते.

आमच्या गटाने शेवटी महागडी घड्याळे घेतली नाहीत. दोन क्लिप पेडोमीटर गटाच्या पैशातून घेतले. ते आठवड्याच्या पाळीने घरोघरी फिरतात. प्रत्येकीची सरासरी वहीत लिहिली जाते आणि बाकीच्या दिवशी सगळ्या जणी संध्याकाळी एकत्र अर्धा तास चालतात. काकूही असतात, आता पायात नीट चपला घालून. त्यांची साखर दर महिन्याला आरोग्य केंद्रात रक्त देऊन तपासली जाते.